गेट म्हणजे फाटक नव्हे: इस्रायलमध्ये आपल्या बायकांनी बेत दिनला जाताना काय करायचं

परवा एका लग्नात मलिद्याच्या ताटाजवळ उभी होते तर एक ओळखीची बाजूला घेऊन हळूच विचारते, ताई, गेट घ्यायला कुठे जायचं, आणि शेजारी उभ्या असलेल्या भारतातनं आलेल्या पाहुण्या बाईला वाटलं हॉलचं गेट विचारतेय, तिने बोट दाखवलं. आम्ही दोघी हसलो पण ती नंतर रडली. त्या दिवशी तिला उभ्या उभ्या जे सांगितलं ते सगळं इथे नीट लिहून ठेवते, कारण आपल्या, म्हणजे कोकणातनं इथे आलेल्या बेने इस्रायल ज्यू समाजातल्या, बायका हे एकमेकींना कानात सांगतात आणि कानातलं अर्धं चुकीचं असतं.

गेट म्हणजे सोडचिठ्ठी. माझी आजी सूटपत्र म्हणायची. नवऱ्याने बायकोला दोन साक्षीदारांसमोर हातात द्यायचा कागद, बारा ओळींचा, बहुतेक अरामी भाषेत, सोफेरने, म्हणजे धर्माचे कागद लिहिणाऱ्या लेखनिकाने, हाताने लिहिलेला. इस्रायलमध्ये ज्यू नवरा-बायकोसाठी याला दुसरा पर्याय नाही, 1953 च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट रब्बानूतच्या, म्हणजे रब्बींच्या सरकारी मंडळाच्या, कोर्टाकडे दिलाय, त्या कोर्टालाच बेत दिन म्हणतात. तुम्ही शब्बात पाळता की नाही, लग्न मुंबईच्या सिनेगॉगमध्ये झालं की दिमोनाच्या हॉलमध्ये, काही फरक पडत नाही. आणि कोर्ट घटस्फोट "देत" नाही हे डोक्यात पक्कं बसवा. गेट देतो नवरा, आणि तोही स्वतःच्या मर्जीने द्यावा लागतो, कोर्ट फक्त बघतं, सांगतं, दबाव आणतं. बायकोचीही संमती लागते, साधारण हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम या मोठ्या रब्बींनी तसा नियम केला, पण दोघांच्या नकारात फरक आहे. बायकोने नकार दिला तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची परवानगी क्वचित का होईना मिळू शकते, नवऱ्याने दिला तर बायकोला तसली वाट नाही, आणि गेटशिवाय तिला दुसऱ्या माणसापासून मूल झालं तर ते मामझेर ठरतं, म्हणजे त्या मुलाचं रब्बानूतमध्ये साधं लग्न होत नाही. सगळी सौदेबाजी इथून सुरू होते.

आपल्या लोकांना तर हे जास्तच माहीत असायला पाहिजे. 1962 साली रब्बानूतने बेने इस्रायल लोकांच्या लग्नाआधी आईच्या बाजूच्या पिढ्या तपासायचा फतवा काढला तो कशावरून, तर कोकणात रब्बी नव्हते, मग जुन्या काळातल्या सोडचिठ्ठ्या हलाखाप्रमाणे, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे, झाल्या की नाही हा संशय. 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, क्नेसेत, म्हणजे इथली संसद, मध्ये पडली, तेव्हा ऑगस्टच्या शेवटी त्या आदेशातनं आपलं नाव निघालं. एका कागदावरनं अख्ख्या समाजाला किती त्रास झाला बघा, म्हणून म्हणते हा कागद हलक्यात घेऊ नका.

आता काय करायचं ते.

पहिलं काम म्हणजे काहीच सही करायची नाही. खरंच. नवरा म्हणतो, माझ्या ओळखीचा वकील आहे, आपण गुपचूप एका दिवसात मिटवू, घर मला दे, पोटगी मागू नको, मी उद्या गेट देतो. माझ्या मावसबहिणीने केलं हे, हिब्रू बोलता येत होतं पण कायद्याची हिब्रू वाचता येत नव्हती, दोघांचा मिळून एकच वकील आणि तो वकील अर्थात नवऱ्याचा, घराचा अर्धा वाटा गेला आणि गेट मिळालं आठ महिन्यांनी. समझोता झालाच तर कोर्टाने मंजूर केल्यावर तो आदेशासारखा चालतो, नंतर मला समजलं नव्हतं म्हणून चालत नाही. सही करायच्या आधी तुमचा स्वतःचा, फक्त तुमचा माणूस पाहिजे.

तो माणूस दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे साधा वकील, दुसरी म्हणजे तोएनेत रब्बानित. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना हा शब्दच माहीत नाही. तोएनेत म्हणजे हलाखा शिकून, परीक्षा देऊन बेत दिनमध्ये केस लढवायचं लायसन घेतलेली बाई. पूर्वी हे काम फक्त पुरुष करायचे, 1990 च्या दशकात बायका आल्या. बेत दिनमध्ये समोर तीन दयान, म्हणजे धर्मकोर्टाचे न्यायाधीश, बसतात, तिन्ही पुरुष, दयान होणं अजून बायकांना बंदच आहे, फक्त दयान नेमणाऱ्या कमिटीत 2013 च्या कायद्यापासून निदान चार बायका असाव्या लागतात. अशा खोलीत त्या दयानांच्याच भाषेत, त्यांच्याच पुस्तकांतनं दाखला देऊन बोलणारी एक बाई तुमच्या बाजूला असली की हवा बदलते, मी डोळ्यांनी बघितलंय. मात्र घराचं आणि पैशांचं प्रकरण कुटुंब न्यायालयात चालणार असेल तर तिथे वकीलच लागतो, तोएनेत तिथे उभी राहू शकत नाही. म्हणून दोघं एकत्र काम करतात अशी जागा बघा.

पैसे नसतील तर? न्याय मंत्रालयाचं सियुआ मिश्पाती म्हणून खातं आहे, 1972 च्या कायद्याने चालतं, उत्पन्न कमी असेल तर सरकार वकील देतं आणि बेत दिनच्या केससाठीसुद्धा देतं. दक्षिणेकडच्यांना बेअर शेवाचं ऑफिस जवळ. तेउदात झेहूत म्हणजे ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, भाडेकरार, जे असेल ते घेऊन जा, नवऱ्याचा पगार लपवायच्या भानगडीत पडू नका पण वेगळे राहत असाल तर ते स्पष्ट सांगा. त्याशिवाय संस्था आहेत. याद लाइशा, अर्थ स्त्रीसाठी हात, 1997 पासून चालू आहे, तिथे तोएनोत, वकील आणि सोशल वर्कर एकाच छताखाली. मावोई सातूम, म्हणजे बंद गल्ली, नाव तरी खरं ठेवलंय. बार-इलान युनिव्हर्सिटीचं रॅकमन सेंटर आहे, आणि सेंटर फॉर विमेन्स जस्टिस आहे, जे लोक बेत दिनच्या बाहेरनं म्हणजे कुटुंब न्यायालयातनं भरपाईचे दावे लावतात. नाअमात आणि विझो या बायकांच्या संघटनांचीही कायद्याचा सल्ला द्यायची केंद्रं आहेत. फोन करताना हिब्रू अडली तर शेजारची मुलगी बसवा पण नवऱ्याच्या नात्यातली नको, गाव छोटं असतं आणि सिनेगॉग त्याहून छोटं.

मार खात असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पोलीस 100, कल्याण मंत्रालयाची हेल्पलाइन 118. घरातल्या हिंसेविरुद्धचा 1991 चा कायदा आहे, त्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो आणि नवऱ्याला घराबाहेर काढता येतं, तो आदेश बेत दिनही देऊ शकतं आणि कुटुंब न्यायालयही. कुलूप लावून पळून जाण्याआधी जमलं तर कोणाला तरी विचारा, कारण नुसतं घर सोडून गेली म्हणून नवरा बेत दिनमध्ये तुम्हाला मोरेदेत, म्हणजे बंडखोर बायको म्हणून दाखवायला बघतो आणि पोटगीवर गदा येते. पण जिवाची भीती असेल तर आधी निघा, पोलिसात नोंद करा, डॉक्टरचा कागद घ्या, मोरेदेतचं नंतर बघता येतं.

आता पहिला अर्ज. पूर्वी काय व्हायचं, की नवरा-बायकोत शर्यत लागायची, ज्याने आधी केस टाकली त्याचं कोर्ट. घटस्फोट फक्त बेत दिनमध्येच, पण पोटगी आणि मालमत्ता कुटुंब न्यायालयातही चालते, आणि नवऱ्याने बेत दिनच्या घटस्फोटाच्या दाव्यालाच मालमत्ता बांधून टाकली की सगळं तिथेच. 2016 पासून नवीन नियम आला, आता थेट केस टाकता येत नाही, आधी वाद मिटवण्याची विनंती नावाचा एक साधा फॉर्म भरायचा, त्यात भांडणाची कहाणी लिहायची नसते, आणि मग साहाय्यक युनिटमध्ये सोशल वर्करसोबत जास्तीत जास्त चार बैठका होतात, फुकट. त्या काळात दोघांनाही केस टाकता येत नाही. पण शर्यत संपली असं समजू नका हां, ज्याने हा फॉर्म आधी भरला त्याला मुदत संपल्यावर काही दिवसांची आघाडी मिळते, की कुठल्या कोर्टात जायचं ते तो आधी ठरवतो. म्हणजे शर्यत तीच, फक्त सुरुवातीची रेघ मागे सरकली. म्हणून नवऱ्याशी बोलणी चालू असली तरी वकिलाला भेटून तो फॉर्म कधी भरायचा हे ठरवा, माझं मत विचाराल तर लवकर भरा. तातडीचं काही असेल, म्हणजे नवरा बँक खाली करतोय किंवा मुलांना घेऊन भारतात निघालाय, तर त्यासाठी वेगळा अर्ज मधल्या काळातही करता येतो.

मालमत्तेचं एक सांगते कारण बेत दिनमध्ये बायकांना काहीच मिळत नाही अशी आपल्यात समजूत आहे. 1994 च्या बावली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेत दिननेही मालमत्ता वाटताना सिव्हिल कायदाच लावायचा, आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेच्या 1973 च्या कायद्यात 2008 साली बदल झाला, त्यामुळे ठरावीक परिस्थितीत गेट मिळायच्या आधीसुद्धा वाटणी मागता येते. ही शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे, कारण गेट अडवून घर मागणाऱ्या नवऱ्याच्या हातातलं हत्यार त्याने थोडं बोथट होतं. केतुबाची, म्हणजे लग्नाच्या कराराची, रक्कमही मागता येते, लग्नात सगळ्यांसमोर वाचतात ती. आपल्या घरी केतुबा फ्रेम करून भिंतीवर लावायची पद्धत, तर ती फ्रेम आधी उतरवून फोटो काढून ठेवा. पोटगीचा आदेश झाला आणि नवरा देत नाही असं असेल तर बितुआख लेउमीकडे, म्हणजे राष्ट्रीय विमा खात्याकडे, अर्ज करा, उत्पन्नाच्या अटीत बसलात तर ते तुम्हाला देतात आणि नवऱ्याकडून वसूल करत बसतात.

बेत दिनमध्ये गेट का पाहिजे ते विचारतात. पटत नाही हे तिथे कारण म्हणून फार चालत नाही. मारतो, खर्चाला देत नाही, बाहेर दुसरी आहे, घर सोडून गेला, असं काही असेल तर तारखा लावून सांगा, मेसेज, बँकेची कागदं, साक्षीदार. माईस अलाय म्हणून एक हलाखाचं कारण आहे, म्हणजे तो मला किळसवाणा वाटतो, त्याच्यासोबत राहणं शक्य नाही, पण ते कसं मांडायचं ते तोएनेतला ठरवू दे. नवरा जवळजवळ नेहमी शालोम बायित म्हणतो, म्हणजे मला घर परत जोडायचंय, आणि दयानांना ते ऐकायला आवडतं, मग तुम्हाला तीन महिने प्रयत्न करा म्हणून परत पाठवतात. तिथे ओरडू नका, बाई. शांतपणे सांगा की अमुक वेळा प्रयत्न केला, समुपदेशनाला गेलो, हे बघा कागद.

आणि जे कोणी तोंडावर सांगत नाही ते मी सांगते. गेट हातात येईपर्यंत दुसऱ्या पुरुषाशी संबंध नको, मेसेज नको, फेसबुकवर समुद्रकिनाऱ्याचे फोटो नकोत. नवऱ्याने सिद्ध केलं तर केतुबा जाते, पोटगी जाते, आणि त्या माणसाशी पुढे रब्बानूतमध्ये लग्नच करता येत नाही. नवरा हेच सगळं करत असेल तर त्याला असा फटका बसत नाही. हा न्याय नाही, माहितीय, पण आज नियम तोच आहे आणि मी इथे नियम सांगतेय.

नवरा देतच नसेल तर कोर्टाचे निकाल चार पायऱ्यांचे असतात. शिफारस, मग मित्झवा म्हणजे द्यायला हवं, मग खोवा म्हणजे द्यायलाच पाहिजे, आणि मग कफिया म्हणजे जबरदस्ती. तुमच्या निकालावर नेमका कोणता शब्द लिहिलाय ते तोएनेतकडून वाचून घ्या, कारण पुढचं सगळं त्या शब्दावर चालतं. 1995 च्या कायद्याने बेत दिन नवऱ्याचं देशाबाहेर जाणं थांबवू शकतं, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन, बँकेचं खातं, धंद्याचं लायसन अडवू शकतं आणि शेवटी तुरुंगात टाकू शकतं. ड्रायव्हिंग लायसनला हसू नका, रोज टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला ते तुरुंगाइतकंच लागतं. पण कोर्ट हे आपणहून करत नाही, प्रत्येक गोष्टीचा अर्ज तुमच्या बाजूने जावा लागतो, पुन्हा पुन्हा, आणि तारीख पडली नाही की परत अर्ज. आणि तुरुंगही रामबाण नाही, गेट न देता 32 वर्षं आत राहून 1994 मध्ये तिथेच मेलेला एक माणूस होता. रब्बेनू तामची बंधनं म्हणूनही आहेत, म्हणजे त्याला मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत, घेऊ नका, व्यवहार करू नका, आपल्यासारख्या छोट्या समाजात हे कधी कधी लायसनपेक्षा लवकर लागू पडतं, गाब्बाईने, म्हणजे सिनेगॉगच्या कारभाऱ्याने, मनावर घेतलं तर.

भरपाईचा दावा हा वेगळा रस्ता. 2004 मध्ये जेरुसलेमच्या कुटुंब न्यायालयाने गेट अडवणाऱ्या नवऱ्याला चार लाख पंचवीस हजार शेकेल द्यायला लावले, तेव्हापासून असे दावे होतात. पण बऱ्याच दयानांचं म्हणणं की पैशाच्या धाकाने दिलेलं गेट जबरदस्तीचं, म्हणून ते चालत नाही, आणि दावा मागे घेईपर्यंत ते फाइल पुढे सरकवत नाहीत. म्हणून हा दावा कधी टाकायचा, टाकायचा की नुसतं दाखवायचा, हे दोन्हीकडची माहिती असलेल्याकडून ठरवून घ्या. बेत दिनचा निकाल चुकला असं वाटलं तर जेरुसलेमच्या मोठ्या बेत दिनमध्ये अपील होतं, मुदत साधारण 30 दिवस, निकाल आल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. बागात्झ, म्हणजे हायकोर्ट, फक्त अधिकाराच्या बाहेर गेले असतील तर बघतं.

नवरा भारतात राहिलाय अशा केसेस आपल्यात पुष्कळ. ठाणे किंवा मुंबईच्या फॅमिली कोर्टात घटस्फोट झाला तरी इथे रब्बानूतसाठी तुम्ही लग्न झालेल्याच, गेट वेगळं लागतं. त्यासाठी तुम्हाला भारतात जायची गरज नाही, नवरा तिथे शालीआख नेमू शकतो, म्हणजे दूत, आणि तो तुमच्या हातात गेट देतो. बेत दिनच्या प्रशासनात अगुनोतसाठी, म्हणजे गेटविना अडकलेल्या बायकांसाठी, खास विभाग आहे, परदेशातले नवरे शोधणं आणि तिथल्या रब्बींशी बोलणं हे काम ते करतात, त्यांना नवऱ्याचा खरा पत्ता, कामाची जागा, भावाचा फोन, जे असेल ते द्या. उलटही आहे, लग्न भारतात रजिस्टर असेल तर गेट मिळाल्यावर तिथल्या नोंदीत तुम्ही विवाहितच राहता, तेव्हा तिथला वकीलही एकदा विचारा.

आता तो दिवस. बऱ्याच बायका घाबरतात की काय विचारतील, तर सगळ्यात जास्त वेळ नावांवर जातो. गेटमध्ये नवरा-बायकोची सगळी नावं लिहायची असतात, पाळण्यातलं, कागदावरचं, लोक हाक मारतात ते. आपल्यात तर कागदावर सारा, सासरी सरूबाई आणि माहेरी सगळ्या बेबी म्हणतात, नवरा कागदावर रूबेन आणि गल्लीत राजू. ते बेबी हिब्रूत कसं लिहायचं यावर एकदा दोन दयानांची चांगलीच चर्चा झाली, मी बाहेर बसून ऐकत होते. आधीच यादी करून न्या, वडिलांचंही नाव तसंच, आणि नाव ओळखणारं कोणी तरी सोबत न्या. लपवू नका, नाव चुकलं तर गेट चुकतं. कागदात गावही लिहितात आणि गावाजवळचं पाणीसुद्धा, समुद्र नाही तर झरा, आपल्या जुन्या जमिनीच्या कागदांसारख्या चतुःसीमाच म्हणा.

सोफेर कागद, लेखणी आणि शाई नवऱ्याला भेट देतो, नवरा त्याला लिहायला सांगतो, मग लिहून होईपर्यंत बसायचं, तासभर लागतो, कधी जास्त, सोबत डबा आणि एक माणूस पाहिजेच. मग साक्षीदार सह्या करतात, तुम्हाला अंगठ्या काढायला सांगतात, ओंजळ पुढे करायची, नवरा गेट वरून ओंजळीत सोडतो. तुम्ही ते बंद करून काखेत धरायचं आणि दारापर्यंत चार पावलं चालायची, परत यायचं. दयान त्याला चिरा पाडतो आणि ते कोर्टातच राहतं, आपल्याला दिसतही नाही नंतर. तुम्हाला मिळतो मआसे बेत दिन, म्हणजे गेट झाल्याचा दाखला, आणि तो तुमचा खरा कागद. त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती तिथेच मागून घ्या, गृहमंत्रालयात जाऊन तेउदात झेहूतवरची नोंद बदला. पुढचं लग्न 92 दिवस करता येत नाही, आणि नवऱ्याचं घराणं कोहेनचं, म्हणजे पुरोहितांचं, असेल तर त्याच नवऱ्याशी परत कधीच नाही, कारण कोहेनला घटस्फोट झालेली बाई चालत नाही, आणि पुढेही कोहेन मुलाचं स्थळ आलं तर आधीच सांगून टाका.

मावसबहिणीचा दाखला माझ्याकडे आहे, तिच्या घरी फाईल सापडत नाहीत म्हणून. तुम्हीही एक प्रत अशाच कोणाकडे तरी ठेवा.